शाळा उघडण्याआधीचा पंधरवडा: मुलांना शिबिरात घालायचं की मुंबई दाखवायची?

मुलुंडची आई

शाळा १५ जूनच्या आसपास उघडतील, काही तर त्याआधीच. गावाला गेलेली मंडळी परतू लागली आहेत आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा जाहिरातींचा पाऊस सुरू झालाय. रोबोटिक्स, अबॅकस, हस्ताक्षर सुधार, "शाळेची पूर्वतयारी". माझं मत ठाम आहे. या पंधरवड्यात मुलांना कुठल्याही वर्गात अडकवू नये. आई-बाबांनी त्यांना स्वतः हिंडवावं, आणि तेही पाऊस लागायच्या आत. मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन धडकला होता. तेव्हा "पुढच्या रविवारी बघू" म्हणण्यात अर्थ नाही. समुद्र खवळला की घारापुरी बेटाची बोट कधी बंद होईल सांगता येत नाही.

राणीच्या बागेत आई-बाप आणि दोन लहान मुलं असं चौघांचं तिकीट मिळून १०० रुपये आहे. बुधवारी बंद, हे लक्षात ठेवा. पेंग्विन बघायला सगळेच धावतात, पण माझ्या मुलांना जास्त आवडलं ते गोरखचिंचेचं झाड. बुंध्याला किती जणांचे हात पुरतील यावरून त्यांचं भांडण जुंपलं. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडले. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. मुलगा एकेका सांध्यावर बोट ठेवून "इथे तुटला, इथे तुटला" म्हणत हत्तीभोवती फिरला. आधी हा हत्ती दाखवून मग घारापुरीला न्या, म्हणजे बेटाला "एलिफंटा" का म्हणतात ते सांगावं लागत नाही. (घारापुरी सोमवारी बंद.)

आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. शंभरावर लेणी आहेत, पण सगळी बघायचा हट्ट धरू नका. मुलांना पाण्याची टाकी दाखवा. डोंगरावर पडलेला पाऊस दगडात खोदलेल्या पाटांतून टाक्यांत उतरवायचा, ही सोय तिथल्या भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून करत आणली. आपल्या इमारतीच्या गच्चीवरचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न मुलांनी परतीच्या बसमध्ये आपणहून विचारला. हे कुठल्या शिबिरात शिकवणार?

लालबागची सून

ताई, तुमचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण मला पटलं नाही. आई-बाबांनी हिंडवावं म्हणता. कोणत्या वारी? मी सकाळी सव्वाआठची गाडी पकडते, घरी यायला साडेसात होतात. नवऱ्याची शिफ्ट. वर्षाच्या रजा मोजून मिळतात, त्या मुलाच्या तापाला आणि सासूबाईंच्या गुडघ्याला राखून ठेवाव्या लागतात. मे महिना गावी आजीने सांभाळलं. आता हे पंधरा दिवस मुलगा दहा बाय बाराच्या खोलीत मोबाईल घेऊन बसणार किंवा शिबिरात जाणार, तिसरा पर्याय मला दिसत नाही.

शिबिरात निदान चार मुलं भेटतात, एक मोठं माणूस लक्ष ठेवून असतं. तिथे तो रोबोट शिकला नाही तरी चालेल. मी पैसे शिकवण्याचे देतच नाही, कामावर निर्धास्त बसता यावं म्हणून देते. नोकरी करणाऱ्या आईने शिबिर लावलं की "मुलांना अडकवलं" असं म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.

आणि खर्चाचं म्हणाल तर. तिकीट शंभर रुपये, कबूल. पण चौघांचा प्रवास, पाणी, खाणं, मुलाने हट्ट केलेला फुगा धरा. आणि घरून डबा न्यायचा तर पहाटे उठून पोळ्या कोण लाटणार? सहलीच्या दिवशी बाईला सुट्टी नसतेच.

हार्बरवाला बाबा

मीही विरोधात, पण माझं कारण वेगळं. मे अखेरीस पारा चौतिशीच्या पुढे फारसा जात नाही म्हणून लोक गाफील राहतात. त्रास दमटपणाचा आहे, घाम वाळतच नाही. आमची धाकटी पाच वर्षांची. दुपारच्या लोकलमध्ये तिला उलट्या झाल्या, तेव्हापासून या दिवसांत अकराच्या पुढे मुलांना बाहेर काढत नाही. शाळेच्या तोंडावर आजारपण ओढवून घेण्यात शहाणपणा नाही. या दिवसांत झोपेची वेळ ताळ्यावर आणावी. दोन महिने बारा वाजता झोपणारं मूल शाळेच्या पहिल्या दिवशी सहाला कसं उठणार? तेवढं केलं तरी पुष्कळ झालं.

वेसावकरीण

दादा, उन्हाचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच सांगते, डोंगर नको, संग्रहालय नको, सकाळी समुद्रावर या. आणि कॅलेंडरात तिथी बघून या. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी सहा-सातला. पाणी लांब मागे जातं, खडक उघडे पडतात. खडकांच्या खळग्यांत शंखात राहणारे खेकडे चालताना दिसतात, समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे जीव, दिसतात. हात लावला की फूल मिटतं. मुलांना आधीच सांगा, लावायचा तर हलकेच, उचलून घरी काहीच न्यायचं नाही. पायात घट्ट चप्पल हवी, शेवाळावर पाय सटकतो. पाणी वळलं की मोठ्यांनी सगळ्यांना घेऊन मागे फिरायचं, "अजून पाच मिनिटं" चालणार नाही. उन्हं चढायच्या आत घरी. खर्च फक्त बसभाड्याचा.

दुसरं असं की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला. त्यामुळे मेच्या शेवटच्या दिवसांत आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात सगळ्यात जास्त घाई. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी धुऊन ठेवायची. वलांडीवरचे (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीवरचे) शेवटचे बोंबील उतरवायचे, पावसाळ्याची सुकी मासळी भरायची. मुंबईच्या मुलांना ताटातला बोंबील माहीत असतो, वलांडीवरचा बघितलेला नसतो. या, विचारा, आमची माणसं सांगतात. फक्त विचारल्याशिवाय फोटो काढू नका, बायका कामात असतात.

गिरगावचे आजोबा

मला तुम्ही सगळेच मुलांना कुठेतरी नेण्याच्या मागे दिसता. शिबिर काय, सहल काय, दोन्हीकडे वेळापत्रक आलंच. मुलाला घरात बसू द्या. कंटाळू द्या. घरात कामं कमी आहेत का? लोणच्याची कैरी आणायला त्याला बाजारात न्या. कोय कडक झालेली कैरी कशी ओळखायची, भाजीवाला अडकित्त्याने ती कोयीसकट कशी फोडून देतो, हे त्याने उभं राहून बघावं. घरी फोडी पुसायला बसवा. पावसाआधी गहू-तांदूळ भरतो तेव्हा डब्यांवर नावं त्याने लिहावीत. हस्ताक्षर त्यातही सुधारतं. वह्यांना कव्हरं त्याची त्याने घालावीत. हल्ली प्लॅस्टिकची तयार कव्हरं मिळतात, ती घेऊच नका. खाकी कागदाचा रोल आणा, कोपरे नीट दुमडायला शिकवा. पहिली वही बिघडेल, पाचवी जमेल. सूनबाई लालबागच्या, यातलं बरंचसं रात्री जेवणानंतरही होतं.

लालबागची सून

काका, रात्री जेवणानंतर भांडी असतात. पण कव्हरांचं घेतलं मनावर. ते काम यंदा नवऱ्याकडे आणि मुलाकडे.

मुलुंडची आई

लालबागच्या ताई, नाइलाज आहे त्या घराकडे बोट दाखवलेलं नाही. माझा राग वेगळ्यांवर आहे. आमच्याच इमारतीत आई किंवा बाबा दुपारभर घरी असतात, आजी-आजोबा धडधाकट आहेत, तरी मुलाला सकाळी एक वर्ग, संध्याकाळी दुसरा. कारण काय तर शेजारच्याचा मुलगा जातो. तिथे मी गप्प बसणार नाही.

आजोबांशी मात्र मतभेद. घरकाम शिकवावंच, पण आजची घरं लहान, खाली अंगण नाही, गाड्या उभ्या. कंटाळा आला की मूल पूर्वी गल्लीत जायचं, आता स्क्रीनकडे जातं. नुसतं कंटाळू देऊन भागत नाही, बाहेर काढावंच लागतं.

उन्हाचं म्हणाल तर कान्हेरीला मीही दुपारी जा म्हणणार नाही. उद्यान सकाळी उघडलं की आत शिरायचं. लेणी बोरिवलीच्या दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, लहान मुलांना तेवढं चालवू नका, बसने जा. सोमवारी तेही बंद.

हार्बरवाला बाबा

ओहोटीचं मला जमण्यासारखं वाटतंय. सहाला समुद्रावर पोचायचं तर मूल आदल्या रात्री नऊला झोपेल, माझंही काम झालं. वेसावकरीण ताई, धाकटीला चालेल अशी वाळूची जागा कुठली?

वेसावकरीण

पाच वर्षांच्या मुलीला खडकांवर नका नेऊ. जुहूच्या वाळूवर ओहोटीला शिंपले, वाळूतले बारीक खेकडे आणि त्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी भरपूर दिसते. खडक दोन वर्षांनी.

लालबागची सून

एक विचारते. प्रत्येक इमारतीत निवृत्त माणसं आहेत, आणि माझ्यासारख्या आयाही. चार घरांनी मिळून आळीपाळीने एकेक सकाळ घेतली तर? माझी पाळी रविवारी, पाच मुलं मी नेईन, जबाबदारीने. बाकीच्या दिवशी कोणी माझ्या मुलाला नेलं तर शिबिराचे पैसे वाचतील. आमच्या चाळीत विचारून बघितलं. दोघी तयार झाल्या, तिसरी म्हणाली, "दुसऱ्याच्या पोराला काही झालं तर?" तिलाही मी चूक म्हणू शकत नाही. तुमच्याकडे कोणी असं करत असेल तर मुलं किती आणि मोठी माणसं किती ठेवता, ते लिहा. शाळा उघडायच्या आत ठरवायचंय.