पॅनकेकमधलं बदक नकली नाही

लंडनच्या साध्या चिनी हॉटेलांत पॅनकेकमध्ये गुंडाळून देतात ते बदक म्हणजे 'नकली पेकिंग डक', असं कुणीकुणी म्हणतं. नकली कसलं, पदार्थच वेगळा आहे! पेकिंग डक म्हणजे बीजिंगचं भाजलेलं बदक; त्यात हवा भरून कातडी मांसापासून सुटी करतात, माल्टचा पाक लावून वाळवतात आणि भट्टीत भाजतात. ब्रिटनमधलं हे पॅनकेकमधलं बदक, म्हणजे क्रिस्पी अ‍ॅरोमॅटिक डक, मात्र चक्रीफूल वगैरे मसाला चोळून आधी पार मऊ होईस्तोवर वाफवतात आणि मग तळतात. म्हणून तर वेटर टेबलावरच काट्यांनी त्याच्या चिंध्या करतो.

फ्रेंच कॉन्फीचंही गणित जवळपास हेच: मिठात मुरवलेली तंगडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची, शेवटी कातडी कुरकुरीत करायची. त्यामुळे बाओमध्ये (वाफवलेल्या चिनी पावात) कॉन्फी आणि वर होइसिन हा गोडसर चिनी सॉस हे फ्यूजन मला तरी ओढूनताणून केलेलं वाटत नाही. छातीच्या तुकड्याचं तसं नाही. तो आतून गुलाबीच वाढतात. आमच्या मावशींनी तो "नीट शिजवून आणा" म्हणून परत पाठवला आणि आलं ते चामडं. गुलाबी मांस चालत नसेल तर सरळ तंगडी मागवा.