कार्डावर सही केली, मग आता रडता कशाला?

पहाटेचा फोरबॉल
परवा या ग्रुपवर एका भाऊंनी लिहिलं की आपल्या गोल्फ क्लबच्या मंथली मेडलमध्ये (दर महिन्याची स्पर्धा, कमी फटके मारणारा जिंकतो) सातव्या होलवर सहा फटक्यांऐवजी पाच लिहिलं गेलं, तेवढ्यावरून पहिल्या आलेल्या माणसाला बाद करणं ही निव्वळ बाबूगिरी आहे. "चहा पिताना त्याला स्वतःला आठवलं, स्वतः उठून कमिटीकडे गेला, त्याचं हे फळ? एक स्ट्रोक (फटका) वाढवा न मोकळे व्हा." खाली लाइकचा पाऊस. वाचून माझी दुपारची झोप उडाली, म्हणून हे लांबण.

भाऊ, आपल्या खेळात अंपायर नाही. चार जण चार दिशांच्या झुडपांत शिरलेले, कोण कोणाकडे बघतो? सगळा भरवसा त्या एका पुठ्ठ्यावर, म्हणजे स्कोअरकार्डावर. त्यात खेळाडूचं काम एवढंच की प्रत्येक होलचा आकडा खरा असावा. बेरीजसुद्धा त्याच्या गळ्यात नाही, ती कमिटी करते. अठरा खाने ताडून बघायला दोन मिनिटं लागतात, ती आपण पोह्याच्या रांगेत घालवतो. आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहिला तर बाद, जास्त लिहिला तर तोच कायम. १९६८ च्या ऑगस्टातल्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्टो दे विचेंझोनं सतराव्यावर तीन मारले, त्याचा मार्कर, म्हणजे त्याचे आकडे लिहिणारा सोबतचा खेळाडू, टॉमी एरननं चार लिहिले, यानं न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले, बॉब गोल्बीशी बरोबरी हुकली. त्या दिवशी त्याचा ४५ वा वाढदिवस होता. त्यानं कमिटीला शिव्या घातल्या नाहीत, स्वतःलाच मूर्ख म्हटलं.

प्रामाणिकपणाचं कौतुक मलाही आहे. पण कबूल करणाऱ्याला सूट दिली, की उद्या पकडलेला प्रत्येक जण म्हणेल, मी आत्ता सांगायलाच निघालो होतो.

तर्री जास्त
घ्या, ऑगस्टा आली नागपुरात! काका, मे महिन्यात दहा वाजता अठरावं संपवून येतो ना, तेव्हा खिशातल्या कार्डाचा घामानं लगदा झालेला असतो. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूला थंड खोलीत बसवतात, समोर माणूस बसून एकेक आकडा वाचून दाखवतो. तरी २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथनं चौथ्या होलवर चारऐवजी तीनवर सही ठोकलीच, तीही कॅमेऱ्यांच्या गराड्यात. न आपल्या इथे कार्ड कुठे टाकायचं? काउंटरवरच्या बिस्किटाच्या डब्यात.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर कॅसेरोलच्या सेटसाठी. त्यानं दिलेला नेट, म्हणजे हँडिकॅपची (खेळाच्या दर्जानुसार मिळणारी) सूट वजा करून आकडा ७०, खरा ७१, दुसरा आलेला ७२. दुरुस्त करूनही तोच जिंकून राहिला होता बाप्पा! मग चोरी कोणाची झाली?

नियमाची वही
दोघंही अर्धवट. २०१६ पासून अपवाद आहे. पेनल्टी लागली हेच खेळाडूला ठाऊक नसेल, तर बाद न करता ती पेनल्टी नंतर जोडतात. पण इथे बॉल नाल्यात गेला म्हणून ड्रॉप (एका स्ट्रोकची पेनल्टी घेऊन बॉल बाहेर टाकणं) यानं स्वतःच्या हातानं घेतला. पेनल्टी ठाऊक होती, खाना बघितला नाही. अपवाद लागत नाही.

सूट मिळते ती सहीला. २०२३ पासून कमिटी स्थानिक नियम लावू शकते, मग सही राहिली तर बाद न करता दोन स्ट्रोक. आपल्या कमिटीनं तो लावलेला नाही, आणि लावला असता तरी चुकीच्या आकड्याला तो उपयोगी नाही.

तर्री जास्त
म्हणजे सहीच केली नाही तर दोन स्ट्रोक, न सही करून चुकला तर घरी जा? वाह रे न्याय.

नियमाची वही
सही न करणारा काही खोटं लिहून देत नाही. एवढं कळायला वकील लागत नाही.

तर्री जास्त
आम्ही म्हणजे अडाणी. ठीक.

कामठी रोड
आम्ही तेलकट वाळूच्या ब्राऊन्सवर (होलभोवती हिरवळीच्या ग्रीनऐवजी वाळू) खेळलेलो, म्हणून शिस्तीची बाजू माझीच. पण एक सांगतो. १९५७ ची यूएस विमेन्स ओपन, विंग्ड फूट. जॅकी पंग २९८ वर जिंकली. बेरीज बरोबर होती, फक्त चौथ्या होलच्या खान्यात सहाऐवजी पाच. बाद. जेतेपद गेलं बेट्सी रॉल्सकडे, २९९ वर. नियम पाळला ना? पाळला. मग तिथल्याच क्लबच्या मंडळींनी वर्गणी काढली, ती पहिल्या बक्षिसाच्या वर गेली. कडक राहूनही माणूस राहता येतं. आपल्याकडे बाद झालेल्याच्या पाठीवर हात ठेवायला कोण गेलं? सगळे फोटोत.

सिव्हिल लाइन्सची
दोन दिवस सगळं वाचते आहे. एकच साधा प्रश्न. त्याचा मार्कर कोण होता?

(न लेडीज डेच्या यादीत माझा जुना हँडिकॅप तीन महिने तसाच होता. २०२३ पासून कार्डावर हँडिकॅप लिहिणं खेळाडूकडे नाही, तो बरोबर धरणं कमिटीचं काम. त्या कमिटीला कोण बाद करणार? असो.)

पहाटेचा फोरबॉल
मी होतो.

लपवायचं कारण नव्हतं, कोणी विचारलं नाही. मी तेव्हा पलीकडे माझा बॉल शोधत होतो. ग्रीनवर पोचलो तेव्हा त्याच्या कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्याला, विचारलं, किती मारले? तो म्हणाला पाच. लिहिले. आता कॅडीनंच चूक सांगितल्यावर मी काय करणार?

तर्री जास्त
अगगग! म्हणजे चूक तुमच्या हातची, बाद तो, न वरून आम्हाला दे विचेंझो शिकवून राहिले?

कॅडीचा पोरगा
आला. शेवटी कॅडीवर आलाच. मी वाटच बघत होतो.

माझ्या बाबांनी बावीस वर्षं बॅग उचलली, कोणत्या क्लबात ते सांगत नाही. चौथी शिकलेले, आकडे मराठीच यायचे. एका साहेबांनी मार्करचं काम अंगावरून झटकलं, पेन्सिल बाबांच्या हातात दिली. बाबांनी बाराव्या होलवर ४ लिहिला. मराठी चार. ऑफिसातल्या माणसानं तो इंग्रजी आठ वाचला. ज्यांचं कार्ड होतं ते साहेब चार स्ट्रोकनी खाली गेले, आणि बाबांची त्या दिवसाची मजुरी कापली. आकडा बरोबर होता हो. वाचणारा चुकला, सही करणाऱ्यानं बघितलं नाही, आणि पैसे कोणाचे गेले? त्या रात्री आईनं वरणात पाणी वाढवलं, ते मला अजून दिसतं.

सही तुम्ही करता. कॅडीची सही कार्डावर असते का कुठे?

कामठी रोड
नसते. मार्कर तो मार्कर. पोराचं बरोबर आहे.

वर्धा रोडवाला
सगळ्याच कॅडींना साधू करू नका. माझ्या कॅडीनं रफमधला (कडेच्या उंच गवतातला) बॉल पायानं सरकवलेला मी पाहिला आहे. टिप दिली की बॉल दिसतो, नाही दिली की हरवतो.

कॅडीचा पोरगा
टिप घेणारा दिसला. बॉल सरकवल्यावर तो तसाच खेळणारा कोण होता, साहेब?

वर्धा रोडवाला
आरोप करायचे असतील तर समोर या. रविवारी असतो मी.

सिव्हिल लाइन्सची
अहो, कार्डाचा विषय होता. तुम्ही तर कुस्ती मांडली.

तर्री जास्त
कुस्ती नाही मॅडम, आत्ता कुठे मूळ विषय सुरू झाला. आपल्यातले अर्धे लोक कार्ड कॅडीच्या भरवशावर भरतात, न चुकलं की नियम दाखवतात. खोटं बोललो?

नियमाची वही
नाही, हे मान्य. आणखी एक मीठ चोळतो. बाद झालेलं ते कार्ड खरा आकडा घालून हँडिकॅपसाठी मात्र धरता येतं. त्यामुळे बिचाऱ्याचं कॅसेरोलही गेलं, आणि चांगला खेळला म्हणून हँडिकॅपही उतरू शकतो, म्हणजे पुढे सूट कमी.

तर्री जास्त
हाहाहा, वा रे तुमची वही!

पहाटेचा फोरबॉल
झाला सगळ्यांचा राग काढून? नियमाबद्दल माझं मत तेच आहे. सही त्याची होती, बघायला हवं होतं, आणि हे त्याचंही मत आहे, विचारा त्याला. माझं चुकलं, मोठा मार्कर म्हणून मिरवत होतो, ते घ्या लिहून. कमिटीला कळवलं आहे की डबा काढा, टेबल टाका, समोर एक जण बसून आकडे मोठ्यानं वाचून घेईल. मे महिन्यात तिथे मीच बसतो, नाहीतरी गुडघा दुखतो आहे. कॅसेरोलचा तसलाच सेट विकत घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं चहा पाजला आणि सेट परत माझ्या डिकीत ठेवला.

कॅडीचा पोरगा
आणि त्या कॅडीला विचारलं का, पाच कसे सांगितले ते?

पहाटेचा फोरबॉल
विचारलं. म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलं किती मारले. मारले पाचच होते. नाल्याचा एक कोणी विचारला?"