बुलडॉगचे घोरणे आणि आपल्याकडचा उन्हाळा

गोदाकाठ, नांदेड:
आमच्याकडे अडीच वर्षांचा इंग्लिश बुलडॉग असून त्याचे वजन २९ किलो आहे. तो घोरतो म्हणून घरात सर्वांना कौतुक वाटत असे. परंतु होळीनंतर फाटकापर्यंत जाऊन आला तरी त्याला घरघरत धाप लागते आणि तो शहाबादी फरशीवर पोट टेकून पडून राहतो. नाकावरच्या वळीला आंबूस वास येतो, शिवाय डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ दिसते आहे. आधी कशाकडे पाहावे?

परभणीकर:
आधी श्वासाकडे. या जातीच्या नाकपुड्या अरुंद असतात, टाळूचा मऊ भाग लांबून घशात येतो, आणि कुत्रा घामाने नव्हे तर मुख्यतः धापेनेच अंग थंड करत असल्यामुळे वाट अडली की उष्णता आतच साठते. नराचे वजन साधारण २३ ते २५ किलो असावे. वरचे चार किलो उतरवणे हाच पहिला उपचार समजा. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला आणि फिरणे उजाडण्यापूर्वीच उरका. ताप १०४ फॅरनहाइटच्या पुढे गेला, जीभ निळसर झाली किंवा तोल गेला, तर साधे पाणी अंगावर ओतून पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. ओले पोते अंगावर टाकून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. नाकपुड्या व टाळूच्या शस्त्रक्रियेबद्दल परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल.

बालाघाट:
वळीत मी पावडर भरत असे. तिचा ओलाव्याने लगदा होऊन खालची कातडी सोलवटली. आता ओल्या कापडाने पुसून, कोरड्या सुती फडक्याने टिपून घेतो; शेपटीखालची खाचही तशीच, ती बहुतेक जण विसरतात. डोळ्यातील गाठ ही जागेवरून सरकलेली अश्रुग्रंथी असावी. आमच्या आधीच्या कुत्रीची एका डॉक्टरांनी कापूनच टाकली, मग डोळा कोरडा पडून तिला शेवटपर्यंत रोज थेंब घालावे लागले. ग्रंथी पुन्हा आत बसवण्याचाच आग्रह धरा.

गोदाकाठ, नांदेड:
आभारी आहे. हार्नेस आजच आणतो. कूलर लावला तर चालेल का?

परभणीकर:
मे महिन्यापर्यंत उत्तम चालेल, कारण आपली हवा कोरडी असते. पहिल्या पावसानंतर मात्र कूलर खोली दमट करतो आणि दमट हवेत धापेचाही उपयोग होत नाही. तेव्हा एसी असलेली खोलीच त्याला द्या.