लाकडी धनुष्य: हाताची हत्यारं की मशीन?

नवा_तिरंदाज: अखंड लाकडातून पहिलंच धनुष्य करायला घेतोय. करवत, रंधा, पटाशी, कानस हाताशी आहे. बँडसॉ (पट्टी-करवतीचं मशीन) आणि बेल्ट सँडर (फिरत्या पॉलिश-पेपरच्या पट्ट्यानं लाकूड घासणारं मशीन) घेतला तर काम लवकर उरकेल का? लाकूड सरळ आहे, फक्त एका भुजेत (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागात) गाठ आहे.

लाकूडवेडा: बँडसॉ जरूर घ्या. ढोबळ आकार काढायला तो उत्तम. आखलेल्या रेघेच्या जरा बाहेरून कापा आणि मास्क लावा. यू या झाडाचं लाकूड असेल तर जास्तच जपा, ते विषारी असतं.

पाठ_आणि_पोट: ढोबळ कापणीपर्यंत मशीन, मान्य. पण धनुष्य वाकायला लागलं की मशीनला हात लावू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय. रुंदी 10 टक्के घटली तर ताठरपणाही 10 टक्केच घटतो. जाडी 10 टक्के घटली तर मात्र 27 टक्के जातो! 15 मिलिमीटर जाडीच्या भुजेत हे म्हणजे फक्त दीड मिलिमीटर. सँडर एका जागी जरा रेंगाळला की तेवढं गेलंच. मग भुजा तिथेच बिजागरीसारखी वाकते. स्क्रेपरनं (धारदार कडेच्या पोलादी पत्र्यानं) पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूनं, पातळ पापुद्रा काढा, वीस-तीसदा हलकेच वाकवा, मग लांबून वाक पाहा. लाकडाला बदल दाखवायला तेवढा वेळ लागतोच.

पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, तर सँडर नकोच. तिथे टोकापासून टोकापर्यंत एकच वर्षवलय अखंड राहायला हवं. ओसेज किंवा अ‍ॅश या झाडांसारख्या लाकडात दोन वलयांमधला सच्छिद्र थर स्क्रेपरखाली खरखरतो, घट्ट थर आला की आवाज गुळगुळीत होतो. मला हे काम याचसाठी प्रिय आहे. सँडर वलयं आडवी कापत जातो, ताण आला की तिथूनच तंतू उचकटतात.

गाठीभोवती रुंदी थोडी जास्त सोडा, कडेची रेघ गाठीला वळसा घालून जाऊ दे.

नवा_तिरंदाज: मग सँडर राहू दे. स्क्रेपरला धार कशी लावायची?

पाठ_आणि_पोट: आधी कानशीनं कड काटकोनात सपाट करा, मग दगडावर घासा. शेवटी कडक पोलादी दांडा किंचित तिरका धरून कडेवर दाबत ओढा, म्हणजे बारीक आकडी वळते. कुरळा पापुद्रा निघाला तर धार बरोबर आहे. नुसता भुसा पडू लागला की पुन्हा लावा.