आशाताई संपावर, मग तिसऱ्या दिवसाची भेट कोण देणार?

माळरान: 'काम केलं तर मोबदला, नाही तर नाही. स्वयंसेविकांचा संप कसला?' गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका असलेल्या आशाताईंबद्दलची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये संप झाला, शब्द मिळाला, जीआर काही निघाला नाही. १२ जानेवारी २०२४ ला पुन्हा संप, आझाद मैदानावर ठिय्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये ५ हजार वाढीचा जीआर आला. घरी बसून आला असता का?

बोरीकाठ: ती पोस्ट माझीच. पैशाचं पटतं, पण बाळाचं काय? जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी घरी आशाच जाते. झोळीकाट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. ६० किंवा वर भरले की लगेच दवाखाना. उपकेंद्राच्या सिस्टरकडे अनेक गावं, ती पोचत नाही. बंदच करायचं तर अहवाल बंद करा.

माळरान: अहवाल नाही तर मोबदल्याचं व्हाउचर नाही, म्हणजे फटका परत तिलाच. आणि या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, भेटीला ४२ सुद्धा पडत नाहीत. या भेटींच्या २०११ च्या सरकारी सूचनांतली अट बघा: वजनाची नोंद, जन्मनोंदणी, बीसीजीची लस, पोलिओ-डीपीटीचा पहिला डोस, शिवाय ४२ दिवस आई-बाळ सुखरूप. बाळ दगावलं तर केलेल्या भेटी गेल्या कुठे?

पिंपळपार: माहेरपणाचं कोणीच बोलत नाही! पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते. नोंदणी, तपासण्या सासरच्या आशाने केलेल्या. जेएसवायचे, म्हणजे जननी सुरक्षा योजनेचे, आशाला ६००, त्यात ३०० तपासण्यांचे, ३०० बाळंतपणाला दवाखान्यात नेल्याचे. बाळंतपण माहेरी, म्हणून दुसरे ३०० सासरच्या आशाच्या हातून गेले. आणि बाई दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची नसेल तर आपल्या राज्यात त्यातून दमडी नाही. पायपीट तेवढीच.

बोरीकाठ: विषय बाळाचा चाललाय, सासर-माहेर कुठून काढलंत?

पिंपळपार: बाळाचाच आहे, दादा! माहेरच्या आशाच्या यादीत त्या बाईचं नाव नसतं. सासरच्या आशाने फोन केला नाही, तर तिसऱ्या दिवसाची भेट संप नसतानाही चुकते. त्या फोनला मोबदला नाही.

बोरीकाठ: बरं, फोनचं आणि ४२ दिवसांच्या अटीचं मान्य. अट चूकच आहे. तरी पहिल्या आठवड्याच्या भेटी संपात थांबवू नयेत, यावर मी ठाम आहे.

माळरान: एवढ्या अडून राहणाऱ्या कामाला स्वयंसेवा म्हणू नका मग. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केलीय. ती लागू करा, पहिल्या आठवड्याच्या भेटी संपातून वगळायला संघटनेत मी स्वतः बोलेन.