दोन टनांची ईव्ही ३० मिमी खाली, तीही नागपुरात?

खामल्याचा_खवट
काल एका भावाने आपल्या बीवायडी सील परफॉर्मन्स ईव्हीचे फोटो टाकले. कॉइलओव्हर (उंची फिरवता येणारे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर) बसवले, गाडी ३० मिमी खाली घेतली, कंपनीचे २३५/४५ आर १९ टायर (२३५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, १९ इंची रिम) काढून २४५/३५ आर २० चढवले. ज्याचा त्याचा पैसा, आपल्याला काय. पण खाली लिहिलं, "५३० पीएसची गाडी कंपनीच्या सस्पेंशन-टायरवर चालवणाऱ्यांनी ई-रिक्षा घ्यावी." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक.

हिशोब करा. १९ वाल्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) १०६ मिमी, २० वाल्याची ८६. व्यास १५ मिमीने घटला, म्हणजे ३० वर आणखी साडेसात मिमी गाडी जमिनीकडे. आणि पोटाखाली काय आहे, तर बॅटरी. पेट्रोल गाडीची चेंबर घासली तर वेल्डिंग होतं, इथे पॅकला चेपलं तर वॉरंटीवाले तुमचाच फोटो तुम्हाला दाखवतील.

गाडीत दम आहे, नाही कोण म्हणतो? ३.८ सेकंदांत शंभर. पण तो दम रस्त्याला टेकतो तळहाताएवढ्या चार ठिकाणी. आधी चांगला टायर घ्या, अलाइनमेंट नीट करून घ्या, मग वाटलंच तर डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) बघा. गाडी खाली घेणं नागपुरात कोणत्याच क्रमांकावर येत नाही.

रिंगरोड_राजा
तो भाऊ मीच. काका, डोकं फिरलं होतं तर आउटर रिंग रोडला एक चक्कर मारायची, शांत झालं असतं.

कॉइलओव्हर म्हणजे नुसती गाडी खाली घेणं हे तुम्हाला कोणी सांगितलं? डँपिंग पाहिजे तसं फिरवता येते. समृद्धीवर १२० ला पुलाच्या सांध्यावरून गेलं की आधी गाडी वर-खाली-वर व्हायची, आता एकदाच दबून बसते. मागे बसलेल्या बायकोची उलटी थांबली, हा पुरावा पुरे ना? नागपुरात राहतो म्हणून काय जन्मभर दमणीत बसल्यासारखं डुलत जायचं?

मनीषनगरची_मृणाल
राजाभाऊ, तुमच्या नवीन टायरवर मापाच्या पुढे कोणता आकडा आहे? ९५ की ९९?

विचारते कारण मागच्या वर्षी मी २३५/४५ आर १९ च घ्यायला गेले. दुकानदाराने "सेम टू सेम मॅडम" म्हणत काढून ठेवले. खाली वाकून बघितलं तर ९५. जुन्यावर ९९ एक्सएल (जादा भार पेलणारा). ९५ म्हणजे टायरमागे जास्तीत जास्त ६९० किलो भार, ९९ म्हणजे ७७५. माप तेच, पण प्रत्येक चाकाला ८५ किलोचा फरक. त्याला म्हटलं तर म्हणतो, "इतकं कोणी पाहत नाही."

तेवढ्यात पोऱ्याने जॅक लावला. कुठे? गाडीच्या दारांखालच्या उंबरठ्याच्या आत, सरळ बॅटरीच्या पत्र्याला. मी ओरडले तशी सगळ्या दुकानाने मान वर केली. कंपनीने जॅकची जागा खुणा करून दिलेली असते, तिथे रबरी पॅड ठेवून उचलायची असते. पोरगं बिचारं म्हणालं, "ताई, सगळ्या गाड्या इथूनच उचलतो." तेव्हापासून पॅड डिक्कीतच असतात, आणि जॅक चढेपर्यंत मी स्वतः बाजूला उभी असते.

सदरचा_सावजी
ताई, १०० टक्के. आणि आत फोम असलेला टायर असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा. नाहीतर तो फोम न खरवडताच पॅच चिकटवतो, दोन दिवसांत हवा परत गायब. मोटरचा आवाज नसल्याने टायरची घरघर जास्त कानावर येते, म्हणून तो फोम. लोकांना वाटते आत कचरा राहिला.

प्रतापनगरचा_निवृत्त_अभियंता
मूळ दुखणं कोणी बोलतच नाही आहे. सिमेंट रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी ६० ला सेकंदाला जवळपास चार धक्के. स्लॅबच्या कडा वरखाली झाल्या की तेच धक्के दुप्पट लागतात. ८६ मिमीच्या साइडवॉलने ते गिळायचे कसे? सस्पेंशन बदलून रस्ता बदलत नाही.

त्रिमूर्तीनगरचा_तात्या
सिमेंट रस्त्याचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्यासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि फाटकापेक्षा हातभर वर गेला. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात यायचो, आता रस्त्यावरून घरात उतरतो. पाऊस आला की पाणी सरळ ओसरीत. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा वस्त्यांमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या कॉइलओव्हरचं काय घेऊन बसलात, आमचं घरच ३०० मिमी खाली गेलं!

रिंगरोड_राजा
तात्या, डांबरी रस्ते दर पावसाळ्यात वाहून जायचे ते विसरले काय? सिमेंट झाल्यापासून खड्डा कमी झाला, हे तर मान्य करा.

त्रिमूर्तीनगरचा_तात्या
खड्डा कमी झाला, खोदकाम नाही. आधी रस्ता करतात, मग पाइपलाइन आठवते. कापलेली पट्टी कशीबशी भरतात, ती बसते, आणि तिथेच तुमची वीस इंची रिम वाकते. कडेची फरसबंदी रस्त्याच्या खाली, मधे धारदार कड. स्कूटीवरची पोरगी समोरून आलेल्या गाडीला बाजू द्यायला गेली की पडलीच. माझी नात पडली. तू चारचाकीत बसून खड्डे मोजून राहिला!

रिंगरोड_राजा
मी काय रस्ता बांधला बे? माझ्यावर काहून चिडून राहिले?

प्रतापनगरचा_निवृत्त_अभियंता
तात्या, दोष सिमेंटचा नाही, उंचीचा आहे. जुना थर खरवडून काढला असता तर पातळी राखता आली असती. काढायचा खर्च नको म्हणून वरच ओततात.

त्रिमूर्तीनगरचा_तात्या
आता दोष कोणाचा ते आम्हालाच शिकवा! नोकरीत असताना बोलला असता तर बरं झालं असतं.

प्रतापनगरचा_निवृत्त_अभियंता
मी पाटबंधाऱ्यात होतो.

सदरचा_सावजी
राजेहो, धागा टायरचा आहे. पाटबंधारे नंतर.

एक कायद्याचं सांगतो. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हे काढलं तर राजाभाऊ काय दाखवणार, इन्स्टाची रील?

रिंगरोड_राजा
मग सीट कव्हर टाकणाऱ्यांनाही आत टाका. आरसीवर डँपरचा ब्रँड लिहिलेला असते का? आणि ज्याला त्याला निकाल सांगणारे स्वतः काळी फिल्म लावून फिरतात, सदरमध्ये पाहिले मी.

खामल्याचा_खवट
विषय बदलू नका. मृणालताईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. ९५ की ९९?

रिंगरोड_राजा
९५ एक्सएल. २४५/३५ आर २० मध्ये त्याच्या वरचा मला मिळाला नाही.

मनीषनगरची_मृणाल
म्हणजे मोठी रिम, जास्त पैसे आणि वजन पेलायची ताकद कमी. गाडीच दोन टनांच्या वर, त्यात पाच माणसं, शिर्डीचं सामान, मे महिना, सिमेंटचा समृद्धी, १२० चा वेग. तुम्हीच बघा.

सदरचा_सावजी
म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची. आमचा टायरवाला हेच सांगतो. आणि नायट्रोजन भरायचा.

खामल्याचा_खवट
टायरवाल्याला माझा नमस्कार सांगा. हवा कमी असली की साइडवॉल जास्त दुमडते, दुमडली की तापते, तापली की फुटते. थंड टायरला दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा भरायचा, सकाळी, गाडी उन्हात तापायच्या आधी. ४५ डिग्रीत दाब वाढलेला दिसला म्हणून रस्त्यात हवा सोडायची नाही. आणि साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो फुकट मिळतो.

सदरचा_सावजी
नायट्रोजनने दाब टिकतो, अनुभव आहे.

खामल्याचा_खवट
तुम्ही दर पंधरा दिवसांनी तपासायला जाता म्हणून टिकतो.

मनीषनगरची_मृणाल
राजाभाऊ, अजून एक. गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट केली का? माझ्या दिराने केली नव्हती. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलला, बाहेरून टायर नवाकोरा, आतली कड तारेपर्यंत गेलेली. उभ्या गाडीला दिसतही नाही. ईव्हीचा टॉर्क (ओढ) आणि रिजेन (मोटरने वेग कमी करत वीज परत भरणं) दोन्ही टायरलाच झेलायचे असतात, त्यामुळे ती कड लवकर जाते.

रिंगरोड_राजा
केली. पेपर आहे, टाकू का? सगळ्यांना वाटते मी बावळट आहे.

बरं, ऐका. रेंज कमी झाली हे मी बोललो नव्हतो, आता बोलतो. पूर्वी अमरावतीला जाऊन परत येऊन निवांत असायचो, या सॉफ्ट टायरवर परत येताना आकड्याकडे पाहत बसतो. म्हणून १९ परत चढवतो, ९९ वाले. काकांमुळे नाही, ताईंनी वजनाचं सांगितलं म्हणून. कॉइलओव्हर काढणार नाही. पावसाळ्यापुरती गाडी २० मिमी वर घेतो, ती पण कॉइलओव्हर आहेत म्हणूनच घेता येते. तुमच्या कंपनीच्या स्प्रिंगला जमेल का हे?

खामल्याचा_खवट
वा! आधी पैसे देऊन गाडी खाली घ्यायची, मग त्याच पैशात ती वर घेता येते म्हणून खूश व्हायचं. डँपरचं म्हणाल तर समृद्धीवर फरक पडत असेल, नाही म्हणत नाही. उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करा.

रिंगरोड_राजा
करतो. २० इंची सेट विकायला काढला आहे, रिमसकट. खवटकाकांना स्पेशल रेट.

त्रिमूर्तीनगरचा_तात्या
रिम वाकलेली नाही ना? आमच्या रस्त्याने आणली असेल तर आधीच सांग.