180 सभासद, लिहिणारे नऊच: गच्चीवरच्या बागेचा फोरम वाढवायचा कसा?

माठ:
गच्ची आणि बाल्कनीतल्या बागेसाठी डिस्कोर्सवर (फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरवर) मराठी फोरम सुरू केला, त्याला चार महिने झाले. सभासद 180, लिहिणारे नऊ. विभाग 11 आहेत, पैकी सात ओस पडलेत. पहिल्या महिन्यात नवीन माणूस आला की लगेच प्रश्न टाकायचा. आता नाव नोंदवतात आणि गप्प बसतात. व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंक टाकली की दोन दिवस वर्दळ, मग शुकशुकाट. गुगलवरून जवळजवळ कोणीच येत नाही. फेसबुकवर 3,000 रुपयांची जाहिरात करावी का?

रानजाई:
जाहिरात आत्ता नकोच. जाहिरात बघून आलेल्याला सात रिकामे विभाग दिसले, तर तो परत फिरकणार नाही.

180 मध्ये नऊ लिहिते हे प्रमाण थोडं कमी असलं तरी जगावेगळं नाही. वेबसाइटींच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2006 साली मांडलेला ठोकताळा असा, की शंभरातले 90 वाचनमात्र, नऊ अधूनमधून लिहिणारे आणि एकच नेमाने लिहिणारा. त्यामुळे वाचनमात्रांना हलवण्यात शक्ती घालवू नका. जो प्रश्न विचारतो, त्याला रिकाम्या हाती जाऊ देऊ नका.

आधी 11 विभागांचे तीन करा: प्रश्नोत्तरे, माझी बाग, इतर. जुने धागे (म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा) एकगठ्ठा निवडून हलवता येतात. 'खत', 'कीड', 'फळझाडं' हे सगळं टॅगांत जाऊ द्या. पाच-सहा धागे 11 ठिकाणी विखुरले की बाजार उठल्यासारखं दिसतं, तेच एका यादीत आले की जाग दिसते.

मग तीन जणांत वार वाटून घ्या. 24 तासांच्या आत प्रत्येक प्रश्नाला माणसाने लिहिलेला पहिला प्रतिसाद गेलाच पाहिजे. 'स्वागत आहे, जाणकार सांगतीलच' हा प्रतिसाद धरायचा नाही, कारण त्याने धागा उत्तर मिळाल्यासारखा दिसतो आणि जाणकार तो उघडत नाहीत. 'कढीपत्त्याची पानं पिवळी पडतायत' असा प्रश्न आला, तर उलट विचारा: पिवळी पानं शेंड्याकडची की बुंध्याकडची? शिरा हिरव्या राहिल्यात का? कुंडी केवढी, पाणी किती दिवसांनी, खालच्या भोकातून निचरा होतो का? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघावं लागतं. एवढं नेमकं विचारलं की माणूस फोटो काढून परत येतो, आणि दुसऱ्यांदा आला की बहुधा टिकतो.

अर्धविराम:
गुगलबद्दल. सेटिंग्जमध्ये 'लॉगिन रिक्वायर्ड' चालू असेल तर गुगलला आतलं काहीच दिसत नाही. ते आधी बघा.

दुसरं, धाग्यांची शीर्षकं. 'मदत हवी', 'काय करू?' अशी शीर्षकं कोणी गुगलत नाही. संपादकांनी ती बदलून 'कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या' अशी करावीत. जुन्या लिंका तुटत नाहीत, कारण डिस्कोर्स धागा त्याच्या क्रमांकावरून शोधतो. मजकुरात एकदा झाडाचं नाव रोमन लिपीतही येऊ द्या, बरेच जण तसंच टाइप करून शोधतात.

फोरमच्या आतल्या शोधाला मराठी विभक्ती कळत नाही. 'कुंडी' शोधलं तर 'कुंड्यांमध्ये' सापडेलच असं नाही. शिवाय 'दसऱ्याला' हा शब्द काही कीबोर्ड एका प्रकारच्या र ने लिहितात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून टॅग मूळ रूपातच ठेवा आणि नवे टॅग बनवायचा अधिकार संपादकांपुरता ठेवा.

तिसरं, मेल. फोरमचा मेल स्वतःच्या जीमेलवर मागवा आणि मेनूतून मूळ संदेश उघडा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या फोरमकडून आलाय का, हे बघणाऱ्या तीन तपासण्या) या तिन्हींपुढे 'पास' हवं. नसेल तर डिस्कोर्स मेलने पाठवतो तो साप्ताहिक सारांश बहुधा स्पॅममध्ये जातोय, आणि आठवडाभर न फिरकलेल्या सभासदाला परत आणणारा दुवा तोच एक असतो.

तिठा:
व्हॉट्सॲपवर नुसती लिंक टाकू नका. ॲडमिनला आधी विचारा. ग्रुपवर कोणी मिलीबगबद्दल विचारलं की दोन ओळींत पूर्ण उत्तर तिथेच द्या, आणि खाली 'फोटोंसह सविस्तर इथे' म्हणून त्याच विषयाच्या धाग्याची लिंक. मुखपृष्ठाची लिंक कधीच नको. ग्रुपवरचं उत्तर रात्रीपर्यंत शंभर 'सुप्रभातां'खाली गाडलं जातं, ही लोकांची खरी अडचण आहे. तीच तुमची जमेची बाजू.

विषय ऋतूच्या थोडे पुढे ठेवा. दसऱ्याच्या झेंडूचा धागा आषाढात हवा, दसरा तोंडावर आल्यावर नुसतं हळहळणं उरतं. कुंड्यांची भोकं मोकळी करण्याचा धागा मृगाच्या आधी.

सुरुवातीला दोन-तीन आयडी काढून स्वतःच प्रश्न विचारले तर? रेडिट या मोठ्या चर्चास्थळाच्या संस्थापकांनीही सुरुवातीला खोट्या खात्यांवरून लिंका टाकल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलंय.

रानजाई:
डुआयडी (एकाच माणसाची दुसरी, खोटी खाती) अजिबात नको. रेडिटवर 2005 मध्ये नुसत्या लिंका टाकायच्या होत्या. इथे माणूस मन लावून उत्तर लिहिणार, पुढे त्याला कळणार की झाडच नव्हतं. मराठीत वर्तुळ लहान आहे, लिहिण्याच्या लकबीवरून आयडी आठवड्यात ओळखला जातो. ग्रुपांवरचे खरे प्रश्न विचारणाऱ्याची परवानगी घेऊन, नाव न घालता, संपादकांच्या नावाने उघडपणे टाका.

माठ:
विभाग आजच एकत्र करतो. लॉगिनची सक्ती नाही. मेलमध्ये डीकेआयएम नापास दिसतंय, ते दुरुस्त करतोय. पण पहिल्या महिन्यात नवे लोक लिहीत होते ते का थांबलं, हे अजून उमगत नाही.

अर्धविराम:
सभासद 50 च्या पुढे गेले तेव्हाच थांबलं का, तारखा जुळवून बघा. नवा डिस्कोर्स पहिल्या 50 जणांपर्यंत 'बूटस्ट्रॅप मोड'मध्ये असतो. त्या काळात नव्या सभासदाला सरळ विश्वासपातळी 1 मिळते (कोणाला काय काय करता येईल, हे या पातळीवरून ठरतं). 50 झाले की मोड आपोआप बंद होतो आणि पुढचे सगळे पातळी 0 वर येतात. पातळी 1 साठी पाच धागे उघडणं, 30 प्रतिसाद वाचणं आणि दहा मिनिटं थांबणं लागतं. तोवर मूळ सेटिंगप्रमाणे एका लेखनात फोटो एकच.

बागेच्या फोरमला हे मारक आहे. किडीचा प्रश्न विचारणाऱ्याकडे तीन फोटो असतात: पानाची वरची बाजू, खालची बाजू, अख्खी कुंडी. 'प्रकाशित करा' दाबल्यावर चूक दाखवली जाते आणि तो खिडकी बंद करतो. 'न्यूयूझर मॅक्स एम्बेडेड मीडिया' हे सेटिंग 1 वरून 4 करा. लिंकांची मर्यादा मात्र दोनच राहू द्या, जाहिरातवाले तिथेच अडकतात.

माठ:
तारखा जुळल्या. 51 व्या सभासदापासूनच शांतता आहे. सेटिंग 4 केलं.

तिठा:
मग 51 व्यापासूनच्या शून्य लेखनवाल्यांची यादी काढा आणि रोज दहा जणांना एकेकट्याने निरोप पाठवा. सगळ्यांना एकच मजकूर नको, झाड आणि गाव विचारा. 'तुमचे फोटो चढले नसतील तर ती अडचण आमच्याकडची होती, आता चार चढतात' एवढं त्यात हवंच. डीकेआयएम पास झाल्यावर पाठवा, त्याआधी नाही.